धूळ समजून पुसलेला तारा

डिसेंबरात एक ताई पत्र्याचा बिस्किटांचा डबा घेऊन स्टुडिओत आल्या, आत सगळ्या निगेटिव्ह. वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, त्याचा अल्बम करायचाय म्हणाल्या. आमचा स्टुडिओ नाशिकला रविवार कारंज्याजवळच्या गल्लीत आहे, बाबांच्या वेळचा, आणि आता फोटो काढायला कमी अन् जुनं स्कॅन करून घ्यायलाच जास्त लोक येतात, त्यामुळे डबा बघून मला काही विशेष वाटलं नाही. लग्न, मुंजी, गोदावरीचा पूर, शाळेचं गॅदरिंग, रामरथ, जे सगळ्यांच्या डब्यात असतं तेच.

तळाशी बटर पेपरची दोन पाकिटं होती. एकावर मे १९८८, दुसऱ्यावर मे २००४. आणि दोन्हींवर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं, "आकाश. पट्टी कापू नये. सर स्वतः येतील."

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचं अक्षर असं अचानक समोर आलं की हात थांबतोच. कापू नये का, ते मला लगेच कळलं, कारण आकाशाच्या फोटोत फ्रेमची कडा दिसतच नाही, निगेटिव्ह जवळपास कोरीच दिसते आणि लॅबवाला अंदाजाने कात्री चालवतो, ती नेमकी फोटोच्या मधून जाते. म्हणजे हे सर, ताईंचे वडील, बाबांचे जुने गिऱ्हाईक होते आणि बाबांनी हे रोल आमच्याच डार्करूममध्ये धुतले होते.

आता माझं काम नक्की काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्कॅनरमध्ये धूळ आपोआप काढायची सोय असते, पण ती रंगीत फिल्मसाठी. ब्लॅक अँड व्हाईट फिल्ममध्ये चांदी असते आणि स्कॅनरच्या इन्फ्रारेडला ती चांदीसुद्धा धुळीसारखीच अडवते, म्हणून तिथे हातानेच एकेक ठिपका पुसत बसावं लागतं. निगेटिव्हवर बसलेला धुळीचा कण पॉझिटिव्हमध्ये पांढरा दिसतो. आणि तारा पण पांढरा! काळ्या आकाशात हजारभर पांढरे ठिपके, त्यातली धूळ कुठली आणि तारे कुठले?

मी एक युक्ती केली. दोन्ही फोटो आकाशाच्या एकाच भागाचे होते, म्हणून एकावर एक लेयर ठेवले, मोठे तारे जुळवले आणि ठरवलं की दोन्हीत आहे तो तारा, एकातच आहे ती धूळ. पन्नासेक ठिपके पुसले असतील. एका ठिकाणी जरा थांबले होते हे मला पक्कं आठवतं, कारण तो ठिपका चांगला गोल होता, धूळ अशी गोल नसते, ती वाकडीतिकडी किंवा केसासारखी असते. पण दुसऱ्या फोटोत त्या जागी काही नव्हतं. तिथेच शेजारी, अगदी चिकटून, दुसऱ्या फोटोत एक ठिपका होता जो पहिल्यात नव्हता. दोन्ही पुसले.

दोन दिवसांनी सर स्वतः आले, ताईंचा हात धरून. काठी टेकत दारापासून खुर्चीपर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. डोळ्यांचा पडदा खराब झालाय, समोरचं नीट दिसत नाही, कडेकडेचं दिसतं, असं ताईंनी हळूच सांगितलं. मी प्रूफ प्रिंट त्यांच्या मांडीवर ठेवली. सर म्हणाले, "माझं बोट धर आणि भुजंगधारी तारकासमूहातला सहासष्ट नंबरचा तारा आहे ना, तिथे ठेव." मी मोबाईलवर नकाशा काढून शोधला आणि बोट ठेवलं. "आता त्याच्या शेजारी, पश्चिमेला जरा वर, एक बारीक ठिपका असेल. त्याच्यावर ने."

नव्हता.

"नाहीये सर."

"बघ नीट. असणारच."

आणि मला एकदम आठवलं की तो गोल ठिपका इथेच होता. कान गरम झाले. सरळ सांगून टाकलं, "सर, तो मी पुसला. धूळ समजून."

"दोन्ही फोटोंतून?"

"दोन्ही."

"का गं?"

"एकात होता त्या जागी दुसऱ्यात नव्हता म्हणून."

सर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, म्हणूनच तर ते दोन फोटो काढलेत मी. तो तारा चालतो."

बाबांचा एक नियम होता, मूळ प्रतीला हात लावायचा नाही, जे काय करायचं ते कॉपीवर. त्यामुळे मूळ स्कॅन शाबूत होते, नाहीतर मला त्या क्षणी काय वाटलं असतं कोण जाणे. फाईली मोठ्या, माझा कॉम्प्युटर जुना, उघडायला वेळ लागत होता, तेवढ्यात सर बोलत राहिले आणि मी त्यांचा चहा मागवला.

त्याचं नाव बर्नार्डचा तारा. सूर्यमालेच्या सगळ्यात जवळचे ते 'मित्र' म्हणजे अल्फा सेंटॉरीतले तीन तारे सोडले तर त्यानंतर हाच, सहा प्रकाशवर्षांना जरासा कमी. लाल खुजा तारा, वजन सूर्याच्या साधारण १६ टक्के, उजेड अर्धा टक्का पण नाही, म्हणून इतका जवळ असून नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. पण आकाशातला सगळ्यात भरभर सरकणारा तारा हाच, वर्षाला १०.४ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राएवढं अंतर कापायला पावणेदोनशे-एकशे ऐंशी वर्षं. बाकी तारे माणसाच्या आयुष्यात जागचे हलल्यासारखे वाटतच नाहीत. एडवर्ड बर्नार्डने १९१६ मध्ये तो ओळखला, तोही असाच, १८९४ ची काचेची प्लेट आणि १९१६ ची प्लेट शेजारी ठेवून. आणि हे ऐकून मला फार बरं वाटलं की हा बर्नार्ड अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा गरीब घरचा पोरगा, बाप जन्माआधीच गेलेला, नवव्या वर्षी फोटो स्टुडिओत कामाला लागला. तेव्हा मोठी प्रिंट काढायला सूर्याचाच उजेड लागायचा आणि याचं काम काय, तर सूर्य सरकेल तसा तो एन्लार्जर दिवसभर हाताने फिरवत ठेवायचा.

"मीही तेच केलं," सर म्हणाले. त्यांचं यंत्र म्हणजे दोन फळ्या, एक बिजागरी आणि सातपूरला एका विद्यार्थ्याच्या वर्कशॉपमधून करून आणलेला एक मिलिमीटर आट्यांचा बोल्ट. बोल्ट बिजागरीपासून २२९ मिलिमीटरवर बसवायचा, बरोबर एक वीत, आणि मिनिटाला एक फेरा द्यायचा, की वरची फळी पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगाने उघडत जाते आणि तारे रेघा न होता ठिपके राहतात. शेवटच्या एसटीने त्र्यंबकच्या वाटेवरच्या अंजनेरीला जायचं, रात्री दोनच्या सुमाराला तारा डोक्याजवळ आला की बारा मिनिटं घड्याळ बघत बोल्ट फिरवायचा. मेमध्येच जायचं, कारण जूनमध्ये ढग. २००४ मध्ये गेले तेव्हा नाशिकच्या बाजूचं आकाश पिवळं झालं होतं.

मग आवाज जरा बदलला. १९६३ साली सर कॉलेजात होते तेव्हा पीटर व्हान डी काम्प नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने जाहीर केलं की या ताऱ्याभोवती गुरूपेक्षा मोठा ग्रह आहे, तारा डुलतोय, प्लेटांवर दिसतंय. सरांनी शिक्षक झाल्यावर पोरांना ते शिकवलं. १९७३ मध्ये कळलं की डुलत तारा नव्हता. १९४९ मध्ये त्या दुर्बिणीच्या लेन्सची धातूची बैठक बदलली होती आणि त्याच वेळी त्याच दुर्बिणीतून काढलेले दुसरे तारे पण तसेच सरकलेले दिसत होते. (हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. एन्लार्जरची लेन्स काढून परत बसवली की फ्रेम केसभर सरकतेच.) मग २०१८ मध्ये परत बातमी, २३३ दिवसांत फेरी मारणारा ग्रह, सरांनी नातवाला सांगितला, आणि २०२१ मध्ये तोही गेला, ती ताऱ्याच्या स्वतःच्या पृष्ठभागावरची खळबळ निघाली.

"दोनदा मी मुलांना नसलेला ग्रह सांगितला," सर म्हणाले. ते हे इतक्या गंभीरपणे म्हणाले की ताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आणि आता खरे सापडलेत. २०२४ च्या ऑक्टोबरात चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीवरून एक, ३.१५ दिवसांत फेरी मारणारा, आणि २०२५ च्या मार्चमध्ये हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीची मापं धरून एकूण चार नक्की झाले. चारही पृथ्वीपेक्षा पुष्कळ हलके, सगळ्यात जड तो पृथ्वीच्या एक तृतीयांश. त्यांचं वर्ष सव्वादोन-अडीच दिवसांपासून पावणेसात दिवसांपर्यंत, ताऱ्याला इतके चिकटून की पाणी टिकायचं नाही. ते फोटोत दिसत नाहीत, ग्रह ओढतो तसा तारा किंचित मागेपुढे होतो आणि त्याच्या उजेडाच्या तरंगलांबीत तेवढा फरक पडतो, तो मोजतात. सगळ्यात हलक्या ग्रहाने तारा किती वेगाने हलतो विचारलं तर सरांनी हात टेबलावर पसरला, अंगठा ते करंगळी. सेकंदाला एक वीत. सहा प्रकाशवर्षांवरून! आणि त्या ताऱ्याच्या खळबळीतून ही एक वीत वेगळी काढायची. मला माझे ते पन्नास ठिपके आठवले.

फाईली उघडल्या. मी लेयर परत जुळवले, सहासष्ट नंबरचा आणि आजूबाजूचे सहासात तारे पक्के धरून, आणि तेवढाच तुकडा स्क्रीनभर मोठा केला. मग वरचा लेयर चालू-बंद करायला लागले. १९८८, २००४, १९८८, २००४. सगळे तारे ढिम्म. एकच ठिपका टुणकन वर, उत्तरेला, परत खाली. सतरा पिक्सेल मोजले मी, फिल्मवर म्हणाल तर मिलिमीटरचा दहावा भाग. माझ्या अंगावर काटा आला. मी १९८२ चा जन्म, आणि तो खालचा ठिपका म्हणजे १९८२ मध्ये तिथून निघालेला उजेड.

"सर, दिसतंय का?"

समोर बघून त्यांना दिसेना. मग त्यांनी मान वळवली, माझ्या मागच्या कपाटाकडे बघायला लागले, स्क्रीन डोळ्याच्या कोपऱ्यात ठेवून. "दुर्बिणीतून अंधुक तारा बघायचा तर असंच बघतात, तिरकं," ते म्हणाले, "कर चालू-बंद." मी करत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हां. हलला." आणि बोटाने हवेत ठेका धरला, माझ्या क्लिकबरोबर, वर, खाली, वर. चुकत नव्हता.

ताईंनी पहिल्यांदाच बघितलं होतं ते. त्या म्हणाल्या, "अप्पा, आम्हाला वाटायचं तुम्ही त्र्यंबकला दर्शनाला जाता."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यापासून परत बसले. या वेळी ज्याबद्दल शंका तो ठिपका तसाच ठेवला, निगेटिव्ह लाईट टेबलवर घेऊन लुपच्या भिंगाखाली तपासला, ब्लोअरने उडतो का बघितलं आणि उडाला तरच पुसला. तीन ठिपके असे निघाले जे मी आधी उडवले होते आणि ते खरे तारे होते, एका फोटोत जेमतेम उमटलेले आणि दुसऱ्यात नाही.

अल्बममध्ये दोन्ही तुकडे समोरासमोर लावलेत, चाळीस पट मोठे करून. खाली सरांनी सांगितलेला मजकूर आहे, ग्रह चार, त्यांचे दिवस, आणि "मार्च २०२५ पर्यंतची माहिती" हे शब्द त्यांनी मुद्दाम घालायला लावले. शिवाय २००४ च्या तुकड्यावर त्यांच्या सांगण्यावरून एक खूण केली. बावीस वर्षांचं अंतर गुणून, ताऱ्याच्या वर सहा मिलिमीटर, पेन्सिलने बारीक फुली. मे २०२६ मध्ये तारा तिथे असेल. फळ्या ताईंच्या माळ्यावर आहेत, बिजागरी गंजलीय, ती मी बदलून आणली.