८४० वर मुंबई लावली, कानात मात्र पुणे

मंडळी, माझ्या क्रिस्टल रेडिओवर (खड्याच्या डिटेक्टरवर, बॅटरीविना चालणाऱ्या) मुंबई लावली तरी आकाशवाणीचं पुणे केंद्रच ऐकू येतं, ही तक्रार मागच्या नोंदीत होती. ती नोंद "आता वेव्ह-ट्रॅप (नको असलेलं केंद्र अडवणारी कॉइल-कपॅसिटरची जोडी) बसवला की झालं" अशी संपवली होती. त्याला तीन आठवडे झाले. ट्रॅप बसवला, काढला, नव्याने गुंडाळला, आडवा-उभा करून पाहिला. पुणे केंद्र जागचं हललं नाही. काल रात्री मात्र खरा चोर सापडला, म्हणून आजच लिहायला बसले.

उजळणीपुरतं सांगते. २३ जुलै १९२७ ला लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. ट्रान्समीटर दीड किलोवॅटचा, लहर ३५७.१ मीटरची, म्हणजे ८४० किलोहर्ट्झ. २०२७ मध्ये त्याला शंभर वर्षं होतील. त्या दिवशी त्याच लहरीवर, त्या काळच्या घडणीच्या सेटवर आणि तेव्हा श्रोत्याला मिळाला असता तेवढ्याच जोराने एक अख्खी संध्याकाळ ऐकायची, हा माझा बेत आहे. कार्यक्रम मी जुळवलेला, सगळा १९२७ च्या आधीच्या ७८ च्या तबकड्यांचा. परवान्याशिवाय प्रसारण करायचं नाही, त्यामुळे हा कार्यक्रम ८४० च्या लहरीवर चढवून देणारा सिग्नल जनरेटर, म्हणजे माझी "मुंबई", एरिअलला कधीच जोडत नाही. त्याचा दोन वेढ्यांचा लूप सेटच्या कॉइलजवळ टेबलावर असतो, एवढंच.

जोर ठरवायला हिशेब केला. दीड किलोवॅट, केंद्रापासून १० किलोमीटर, जमीन आदर्श वाहक धरली तर साधारण ३७ मिलिव्होल्ट प्रति मीटर. माझ्या एरिअलवर त्याचा जेवढा व्होल्टेज आला असता तेवढाच लूपमधून द्यायचा, त्याहून कणभरही जास्त नाही. जनरेटरचा बटण फिरवून पुण्याला दाबून टाकणं एका मिनिटाचं काम आहे, पण मग हा सगळा खटाटोप कशासाठी?

पुणे ७९२ वर, मुंबई ८४० वर. मधे ४८ किलोहर्ट्झ. माझी कॉइल ७५ मिलिमीटर नळीवर २४ गेजचे ४८ वेढे, जवळपास २०० मायक्रोहेन्री. ८४० साठी १८० पिकोफॅरड लागतात, ७९२ साठी २०२. फरक २२ पिकोफॅरडचा. ५०० पिकोफॅरडच्या गँगवर (फिरवून ट्यून करायच्या कपॅसिटरवर) हा फरक जेमतेम ८ अंशांत संपतो. शिवाय पुण्यातच माझ्या घरी पुणे केंद्राचा सिग्नल माझ्या "मुंबई"च्या सहापट, हे ऑसिलोस्कोपवर मोजलेलं आहे.

पहिली पायरी सोपी होती आणि तिने फार आनंद दिला. लहरीतून आवाज वेगळा करणारा डिटेक्टर कॉइलच्या टोकाला लावला होता, तो १६ व्या वेढ्याच्या टॅपवर (कॉइलच्या मधूनच काढलेल्या जोडणीवर) आणला. एक-तृतीयांशावर जोडला की डिटेक्टर आणि हेडफोनचा भार कॉइलला नवव्या हिश्शाने जाणवतो. आधी बँडविड्थ ४२ किलोहर्ट्झ होती, म्हणजे क्यू (ट्यूनिंगची धार) २०. टॅपनंतर १२ किलोहर्ट्झ, क्यू ७०. ऑसिलोस्कोपवर तो टेकाडासारखा आकार सुळक्यासारखा होताना पाहणं हे सुख आहे. पण कानाला काय मिळालं? आधी पुणे मुंबईच्या अडीचपट होतं, आता जवळपास बरोबरीला आलं. एका कानात नाट्यसंगीत आणि त्याच कानात बाजारभाव.

मग ट्रॅप. १०० मायक्रोहेन्री, समांतर ४०४ पिकोफॅरड, ७९२ ला ट्यून केलेला, एरिअलच्या तारेत मालिकेत. कागदावर तो पुण्याला एरिअलच्या दारातच अडवतो. प्रत्यक्षात ट्रॅपची गँग पूर्ण फिरवली तरी पुण्याचा आवाज तसूभर कमी होईना. उलट एका जागी मुंबईच बारीक झाली.

पहिला संशय दोन कॉइल एकमेकींना जोडल्या जात असल्याचा. दोघींचे आस समांतर होते. ट्रॅप काटकोनात फिरवून एक वीत लांब नेला. मुंबई परत आली, पुणे होतं तिथेच. दुसरा संशय तारेवर. या खेपेला तार एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली होती, "शुद्ध तांबं" म्हणून. रीळ हातात घेतल्यावरच हलकं लागलं होतं. टोक खरवडलं तर आत पांढरी धातू. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम! सोल्डर धरेना ते त्यामुळेच. तुम्हाला कळकळीने सांगते, तार डोळ्यांदेखत वजन करून घ्या. मी तपकीर गल्लीत जाऊन मोटर रिवाइंडिंगवाल्यांना माल देणाऱ्या दुकानातून पाव किलो घेतली. तिथे तार तराजूवरच विकतात आणि टोक खरवडून दाखवतात. ट्रॅप पुन्हा गुंडाळला, वेढ्यांवर चपड्याचा पातळ हात दिला, दोन दिवस वाळवला. पुणे ढिम्म.

परवा ज्यांना आपण सगळे काका म्हणतो त्यांना फोन केला. त्यांचं आयुष्य जहाजांवरच्या वायरलेस खोलीत गेलंय. मी आकडे सांगत होते, ते मधेच म्हणाले, "अगं, आधी एरिअल काढून तर बघ."

एरिअलची तार टर्मिनलवरून काढली. पुणे चालूच. आवाज जरा उतरला, पण बातम्यांचा शब्द न् शब्द कळत होता. तीन आठवडे मी ज्या दारावर पहारा बसवत होते, तिथून चोर येतच नव्हता.

तो येत होता अर्थच्या, म्हणजे सेटला जमिनीशी जोडणाऱ्या तारेतून. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. अर्थचा खांब खाली बागेत, तिथपर्यंत तार भिंतीवरून सरळ उभी उतरते, १४ मीटर. मध्यम लहरींच्या केंद्राचा मनोरा उभा, त्याची लहर उभी, आणि ती पकडायला माझी ही उभी तार! गच्चीवरचं एरिअल १० मीटरचं आणि आडवं. म्हणजे माझं खरं एरिअल "अर्थ" नावाखाली इतके दिवस काम करत होतं. आता वाटेल की एरिअल, ट्रॅप, कॉइल आणि अर्थ मालिकेत आहेत तर ट्रॅपने अर्थमधून येणारा प्रवाहही अडवायला हवा. अडवलाही असता, दुसरी वाट नसती तर. पण दोन चोरवाटा होत्या. एक हेडफोनच्या दोरीतून माझ्या अंगाकडे: दोरी हाताने धरली की पुणे वाढायचं, टेबलावर ठेवली की घटायचं. दुसरी जनरेटरमधून. त्याचा लूप मी कॉइलच्या वरच्या, गरम (अर्थपासून दूरच्या) टोकाशी ठेवला होता. लूप आणि कॉइल यांच्यातल्या इवल्याशा कपॅसिटन्समधून पुणे अर्थच्या तारेतून वर चढून, कॉइलमधून जाऊन, जनरेटरच्या मेन्सच्या वायरीत उतरत होतं. मुंबई द्यायला ठेवलेलं यंत्रच पुण्याला रस्ता देत होतं.

इलाज जुनाच आहे. लूज कपलर. एरिअल, ट्रॅप, १२ वेढ्यांची प्राथमिक कॉइल आणि अर्थ हे एक वर्तुळ. ट्यूनिंगची कॉइल, डिटेक्टर, हेडफोन हे दुसरं, पहिल्याला तारेने कुठेही न जोडलेलं. प्राथमिक कॉइल लाकडी पट्टीवर सरकते. जवळ आणली तर आवाज मोठा आणि ट्यूनिंग बोथट, लांब नेली तर आवाज बारीक आणि ट्यूनिंग धारदार. हेडफोनच्या दोन्ही तारांत एकेक चोक (रेडिओ लहर अडवणारी कॉइल) टाकला. जनरेटर बॅटरीवर घेतला आणि लूप कॉइलच्या थंड टोकाकडे नेला.

काल रात्री साडेनऊला हेडफोन लावला. ट्रॅपची गँग हळूहळू फिरवली आणि पहिल्यांदाच पुणे खाली जाताना ऐकलं. नाहीसं झालं नाही, पण भिंतीपलीकडच्या घरातल्या बोलण्याइतकं दूर गेलं. मग मुंबई: तबला, त्यामागे पेटी, आणि शिंगातून ध्वनिमुद्रित केलेला, खालचे सूर हरवलेला तो आवाज. क्रिस्टलवर तो फार गोड लागतो. या तबकड्यांना आणि या सेटला जणू एकमेकांची मर्यादा ठाऊक आहे.

क्रिस्टलचंही सांगून टाकते. डिटेक्टर म्हणून जर्मेनियम डायोडने चाचणी घ्यायची आणि ऐकायला गॅलिना (शिशाच्या खनिजाचा खडा), हा माझा नियम. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये झिओलाइट हवं तेवढं मिळतं, गॅलिना नाही. माझा खडा राजस्थानातल्या जावरच्या खाणीकडचा आहे. खडा कपात बसवताना साधं सोल्डर वापरू नका, त्याच्या उष्णतेने पृष्ठभाग बहिरा होतो. ७० अंशांच्या आसपास वितळणारा वुड्स मेटल घ्या, आणि त्यात शिसं व कॅडमियम असतं म्हणून खिडकी उघडी ठेवा. मांजराच्या मिशीला (खड्यावर टेकवायच्या बारीक तारेला) फॉस्फर ब्राँझची तार उत्तम, स्टीलची मला कधीच पटली नाही. आणि गॅलिनाचा डिटेक्टर जगदीशचंद्र बोस यांचा आहे, त्याचं अमेरिकन पेटंट १९०४ चं, हे कार्यक्रमाच्या सुरुवातीला मी सांगणारच आहे.

हेडफोन जुन्या बाजारातला, २००० ओहमच्या दोन कानांचा. डाव्या कानाचं चुंबक अशक्त झालंय. कोणाकडे चुंबक पुन्हा भारायची सोय असेल तर कळवा.

रात्री उशिरा पुण्याची सभा संपली. मी डिटेक्टरच्या वाटेत मायक्रोअमीटर ठेवलाय. काटा थोडा खाली आला आणि स्थिर राहिला. भिंतीपलीकडचं बोलणं थांबलं. ट्रॅप काढून टाकला, प्राथमिक कॉइल जवळ सरकवली, ट्यूनिंग मुद्दाम बोथट केलं. काही फरक नाही! फक्त मुंबई. तेव्हा लक्षात आलं की १९२७ च्या श्रोत्याला लूज कपलर, ट्रॅप, टॅप यातलं काहीच लागलं नसतं. त्याच्या आसपासच्या आकाशात दुसरं केंद्रच नव्हतं. कलकत्त्याचं केंद्र त्यानंतर महिन्याने, २६ ऑगस्टला आलं, तेही ८१० वर, म्हणजे मुंबईपासून अवघ्या ३० किलोहर्ट्झवर. हे अंतर इतकं कमी ठेवलं तरी कुणाचं अडलं नाही, कारण मधे अख्खा देश होता. १९२७ अखेरीस देशभर मिळून रेडिओ ऐकण्याचे परवाने साडेतीन हजारांच्या आसपास, परवान्याची फी वर्षाला १० रुपये, त्यातला ८० टक्के वाटा कंपनीला. एवढ्यावर केंद्रं चालणार कशी? १ मार्च १९३० ला कंपनीने गाशा गुंडाळला. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो, अडीच वर्षांहून जास्त काळ त्यांनी हे रेटलं.

आणि हे लिहिता लिहिताच बेत बदलतोय. त्या दीड किलोवॅटचा क्रिस्टल सेटपुरता पल्ला ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर. पुणे त्याच्या दुपटीहून लांब, मधे घाट. १९२७ मध्ये पुण्यात माझ्यासारखीने क्रिस्टलवर मुंबई ऐकलीच नसती. मग मी १० किलोमीटरचा जोर पुण्याच्या टेबलावर कशाला आणते आहे? क्रिस्टलचा कार्यक्रम गिरगावात मावशीकडे व्हायला हवा.  आजची मुंबई केंद्रं ५५८ आणि १०४४ वर, दोन्ही ८४० पासून २०० किलोहर्ट्झहून लांब. टॅप केलेल्या साध्या कॉइलला एवढं अंतर पुरावं. मावशीला विचारलं. ती म्हणाली, "गच्चीवर तार बांध, पण पागोळ्यांखाली नको, आणि वाळत घातलेल्या पापडांवर नको." जुलैत पापड नसतील, पागोळ्या मात्र असतील. त्यामुळे एरिअलच्या दोन्ही टोकांना चिनीमातीचे अंडाकृती इन्सुलेटर दोन-दोन लावणार, दोरी नायलॉनची, आणि विजा कडाडू लागल्या तर एरिअल थेट अर्थला टाकायचा सुरीचा स्विच खिडकीबाहेर.

टेबलावर दुसरं घड्याळही ठेवीन, ३९ मिनिटं मागे लावलेलं. मुंबईने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. गिरगावातल्या घरात त्या संध्याकाळी किती वाजले होते हे डोळ्यांसमोर असायला हवं.

पुण्यासाठी आता वेगळा सेट. एका व्हॉल्व्हचा, रिॲक्शनचा. आउटपुटचा थोडा भाग ग्रिडच्या कॉइलला परत दिला की कॉइलचा तोटा भरून निघतो, क्यू शेकड्यांत जातो आणि ४८ किलोहर्ट्झ म्हणजे प्रशस्त मैदान. लूज कपलरची लाकडी पट्टी वाया जाणार नाही, तीच रिॲक्शन कॉइल सरकवायला वापरता येईल. रिॲक्शन जास्त दिलं तर सेट स्वतःच शिट्टी मारत प्रसारण करतो, म्हणून एरिअलची जोडणी ढिलीच ठेवायची. फिलामेंटला २ व्होल्टचा ॲसिड सेल, प्लेटला ९ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या मालिकेत. व्हॉल्व्ह अजून नाही. लॅमिंग्टन रोडला मिळतात ते बहुतेक पन्नासनंतरचे. वीसच्या दशकातला चालू स्थितीतला, २ व्होल्टचा ट्रायोड कोणाकडे असेल तर योग्य किंमत देईन.

पुण्याच्या सेटसाठी तारीखही वेगळी घ्यावी का, हा विचार घोळतोय. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया आणि टपाल-तार खात्याने मुंबईहून संगीताचा एक खास कार्यक्रम प्रसारित केला होता, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या विनंतीवरून, आणि लॉइड यांनी तो पुण्यात ऐकला. कंपनी सुरू होण्याच्या सहा वर्षं आधी पुण्याने मुंबई ऐकली होती! गिरगावात २३ जुलै आणि पुण्यात ऑगस्ट, असे दोन कार्यक्रम करावेत असं आत्ता या क्षणी वाटतंय.

आज पहाटे सहाच्या आधी उठून मीटरसमोर बसले होते. हेडफोनमध्ये काहीच नव्हतं. मग काटा हलला, वर गेला आणि थांबला. पुण्याची वाहक लहर आली होती, सूर अजून यायचे होते. मी ट्रॅपची गँग ७९२ वरून बाजूला केली आणि आकाशवाणीची धून सुरू होईपर्यंत तशीच बसून राहिले.