मोबाइलच्या नावावर

२०२२ च्या फेब्रुवारीत गोव्यात कोविडमुळे बंद पडलेले पहिली ते आठवीचे वर्ग परत भरले. १४ तारखेला विधानसभेचं मतदान झालं, २१ ला शाळा उघडल्या. प्रचाराला घरोघर माणसं फिरली ती चालली, पोरांनी वर्गात बसायची निकड मात्र कुणाला वाटली नाही. असो. मार्चमध्ये सत्तरी तालुक्यातल्या शाळांत आमची डोळे तपासणीची शिबिरं लागली. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी. गावात सगळे ‘डोळ्यांची डॉक्टर’ म्हणतात, मी सुधारत बसत नाही.

शाळेतली तपासणी दिसते तितकी सोपी नसते. तक्त्यापासून सहा मीटर अंतर हवं, तेवढं जुन्या प्राथमिक शाळेच्या खोलीत मिळत नाही, म्हणून तक्ता व्हरांड्याच्या टोकाला. अक्षरांचा तक्ता कुचकामी, कारण रांगेतल्या चौथ्या पोराला तो ऐकूनच पाठ झालेला असतो. म्हणून उलटसुलट फिरणारा ‘ई’चा तक्ता, आणि बोटाने दिशा दाखवायची. डोळा तळहाताने झाकायला सांगितला की पोरं तो दाबतात, मग पुढचं मिनिटभर त्या डोळ्याला धड दिसत नाही आणि आमच्या कागदावर फुकटचा दोष चढतो. त्या वर्षी मास्क होते, तर पोरांनी मास्कच वर ओढून डोळा झाकायचा शोध लावला होता.

दुसरीतली एक मुलगी होती. म्हणजे २०२० च्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेली, आणि फळा पहिल्यांदा बघत होती तो आत्ता. दोन्ही डोळे उघडे असताना तिने शेवटून दुसरी ओळ धडाधड सांगितली. डावा झाकला, तरी तेच. उजवा झाकला आणि ती मान वळवून मास्कच्या कडेवरून बघायला लागली. लबाडी करणारं मूल वेगळं, हे वेगळं. चांगला डोळा झाकला की मूल अस्वस्थ होतं, हे या धंद्यात लवकर कळतं. मी माझ्या हाताने उजवा नीट झाकला. तिचं बोट हवेतच राहिलं. डाव्या डोळ्याने फक्त सगळ्यात वरचा मोठा ‘ई’ दिसत होता, म्हणजे ६/६० : चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते हिला सहावरून. बारीक भोकाची चकती लावून बघितली. साधा नंबर असेल तर भोकातून बराच फरक पडतो. इथे जवळजवळ काहीच नाही.

मग रेटिनोस्कोप. हे माझं आवडतं हत्यार. मुलाला काही वाचायचं नसतं, बोलायचं नसतं. अंधाऱ्या कोपऱ्यात हातभर अंतरावरून डोळ्यात प्रकाशाची पट्टी सरकवायची आणि बाहुलीतून परतणारी लाल चमक कुठे जाते ते बघायचं. नंबर थोडा असेल तर चमक झळझळीत आणि चपळ असते. या मुलीचा उजवा डोळा तसाच होता. डाव्यात चमक मंद, सुस्त, पट्टीच्याच दिशेने खुरडत जाणारी. एकामागून एक प्लस काचा लावत गेले तरी थांबेना. चिठ्ठी लिहिली : डावा डोळा कमी, पालकांनी दवाखान्यात यावं.

आठवड्याने बाप तिला घेऊन आला. काय झालं असावं म्हणून विचारलं, तर बाकावर बसायच्या आधीच उत्तर : “मोबायल. आनीक कितें?” गावात नेटवर्क नाही. दोन वर्षं भावाबरोबर काजूच्या बागेतून वर चढायचं, रेंज मिळेल तिथे दगडावर बसायचं, पावसात छत्री धरून. फोन एकच. आधी भावाचा तास, बॅटरी उरली तर हिचा. चिठ्ठी घरी गेल्यापासून पोरीला बोलणी बसत होती. मी काही विचारायच्या आधी ती म्हणाली, “हांव आतां मोबायल पळेना.” आता बघतच नाही म्हणे.

पोरांच्या डोळ्यात सायक्लोपेंटोलेटचे थेंब घालतो. दहा मिनिटांनी पुन्हा एक. डोळ्याचा आतला स्नायू सैल पडायला आपल्याकडच्या काळ्याभोर डोळ्यांत वेळ लागतो, पाऊणएक तास धरायचा. मग खरा नंबर. उजवा +१.००, डावा +५.५०. हे दोन वर्षांचं काम नव्हेच. लहानपणापासून डाव्याकडून मेंदूला धूसर चित्र जात होतं, मेंदूने ते घेणंच सोडून दिलं. आळशी डोळा. फोनचा काही संबंध नाही.

त्याच दुपारी उलटं प्रकरण. दहा वर्षांचा मुलगा, वर्षभर -२.०० चा चष्मा, कपाळ दुखतं म्हणून आलेला. नंबर बाजारातल्या दुकानात मशीनवर काढलेला. मशीनमध्ये रस्त्याच्या टोकाला फुगा दिसतो तो सगळ्या पोरांना माहीत असतो. फुगा लांबचा वाटला तरी मशीन नाकासमोर असतं, आणि जवळ बघून बघून ताणलेला स्नायू पोरं तिथेही ताणूनच धरतात, मग खोटा मायनस निघतो. थेंबांनंतर नंबर +०.२५. चष्मा लागतच नव्हता! ‘कंप्युटरवर मोफत तपासणी’ची पाटी लावणाऱ्यांना थेंब घालायला वेळ नसतो, फ्रेम विकायला असतो. याच्या बाबतीत मोबाइलला दोष देता येईल, पण मोबाइलने दिला तो ताण. नंबर दिला दुकानाने.

मोबाइलची वकिली मी करत नाही. फोंडा-म्हापशाच्या फ्लॅटमधली, थेंब घालूनही खरा मायनस, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याचा नंबर, निघालेली मुलं त्या वर्षी आम्ही बघितली. बुबुळापासून मागच्या पडद्यापर्यंत डोळा एक मिलिमीटर लांबला की अडीच-तीन नंबर चढतो, आणि लांबलेला डोळा परत आखडत नाही. घरात कोंडून ठेवणं, उन्हाचा उजेड न मिळणं हेही त्यात आलं. चीनमधल्या फेइचेंगचे आकडे आमच्या प्रत्येक व्याख्यानात फिरतात : सहा वर्षांच्या मुलांत मायनस नंबर २०१५ ते २०१९ मध्ये जास्तीत जास्त ५.७ टक्के, २०२० मध्ये २१.५ टक्के. ते आकडे थेंबांविना घेतलेले होते, हे व्याख्यान देणारे सांगत नाहीत. त्यात माझ्या चष्मेवाल्या पोरासारखे किती असतील, असं मला दर वेळी वाटतं.

पण डोक्यातून जात नाही ती ती मुलगीच. तिचा डोळा टाळेबंदीने बिघडवला नाही, लपवला. पहिलीत आमची फेरी झाली असती, किंवा बाईंनी फळ्यावरचं वाचायला सांगताना मान वाकडी होते हे हेरलं असतं, तर पाच-साडेपाच वर्षांच्या वयात चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून आळशी डोळ्याला कामाला लावणं सुरू झालं असतं. सातव्या वर्षीही डोळा सुधारतो, पण तितका आणि तितक्या लवकर नाही. आमच्या शिबिराच्या फॉर्मवर ‘रोज मोबाइल किती तास’ असा रकाना आहे. ‘आधी डोळे कधी तपासले’ असा नाही. घाला म्हटलं, तर साहेबांनी सांगितलं, फॉरमॅट वरून आलाय.

उपचार साधा. चष्मा दिवसभर, उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी, आणि त्या वेळात डाव्याने जवळचं काहीतरी काम : मणी ओवणं, चित्र रंगवणं. मुलं पट्टी ओढून काढतात, मन रमलं तरच टिकते. म्हणून मी म्हटलं, कंटाळली तर मोबाइलवरचा खेळसुद्धा चालेल. बाप माझ्याकडे बघतच राहिला. “मॅडम, मोबाइल?” होय म्हटलं, मोबाइल. त्याचा विश्वास बसेना. घरी म्हातारी आहे, ती मला खोटा पाडेल, लिहून द्या म्हणाला. मग लेटरहेडवर लिहिलं : पट्टी दोन तास, त्यात अर्धा तास मोबाइल चालेल. खाली सही केली, शिक्काही मारला. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि मुलीला म्हणाला, “अर्धा तास म्हणजे अर्धाच हं बाय.”