गोल आधी कुणाच्या गल्लीत?

गल्लीत चादर बांधून, प्रोजेक्टर लावून फुटबॉलचा सामना बघणं चाललंय. पडद्यावर बॉल अजून मधल्या वर्तुळातच घोळतोय आणि मागच्या गल्लीतनं 'गोऽऽल' अशी आरोळी येते. या गल्लीतली चाळीस माणसं एकदम गप्प. कुणी घातला, कसा घातला, हे अजून दिसायचंय. खरं मजा गेलीच. पुढचं अर्धं मिनिट म्हणजे शेजारच्या मांडवात लग्न लागून गेल्यावर आपण अक्षता मुठीत धरून उभं राहणं.

बेळगावात हे दुखणं नवं आहे. सगळी गल्ली एकाच केबलवर होती तेव्हा गोलही सगळ्यांकडे एकदमच व्हायचा. आता कुणाकडे केबल, कुणाकडे डिश, कुणी मोबाईलच प्रोजेक्टरला जोडलेला. केबल आणि डिशचं चित्र मैदानाच्या काही सेकंद मागं असतं. उपग्रह जवळपास 36 हजार किलोमीटरवर, तरी वर जाऊन खाली यायला पाव सेकंद पुरतो. बाकीचा वेळ चित्र दाबून लहान करण्यात आणि इकडं परत उलगडण्यात जातो. इंटरनेटवर मात्र सामना तुकड्यातुकड्यांनी येतो. एकेक तुकडा दोन ते सहा सेकंदांचा, आणि असे दोन-तीन गाठीला साठल्याशिवाय ॲप चित्र सुरू करत नाही. वीस सेकंद तिथंच गेले, कधी चाळीस. मधे नेट अडखळलं, चक्र फिरलं, की जेवढा वेळ फिरलं तेवढं आणखी मागं. पुष्कळांना हे माहीतच नसतं. अशा वेळी 'लाइव्ह'चं बटण एकदा दाबायचं, मग ॲप उडी मारून पुढं येतं. तशीच बघत बसलेली गल्ली हाफटाइमपर्यंत मिनिटभरानं मागं पडलेली असते.

यावर उपाय साधा आहे. ज्याच्याकडे केबल त्याच्या घरातनं वायर काढायची. पण वायर कुठली, इथं घोळ होतो. पोरं सेटटॉप बॉक्स घरातच ठेवतात आणि एचडीएमआयची लांबलचक वायर रस्त्यावर आणतात. साधी एचडीएमआय पन्नास फुटांच्या आसपास मान टाकते. चित्र लुकलुकतं, मग पडदा काळा. त्यापेक्षा केबलचीच जाड वायर लांबवावी आणि बॉक्स प्रोजेक्टरजवळ आणून ठेवावा. दहा फूट रुंद चित्राला साधा प्रोजेक्टर पंधरा फुटांवर लागतो. चादर दुहेरी, तंग ओढलेली, मागं काळं कापड. नाहीतर निम्मा उजेड आरपार जातो आणि पलीकडच्या कट्ट्यावर उलटा सामना दिसतो. तिथंही चार प्रेक्षक बसतातच, ती गोष्ट वेगळी. प्रोजेक्टरला यूपीएस हवाच. वीज एकदम गेली की आतला पंखा थांबतो, तापलेला दिवा निवत नाही आणि पुढच्या सामन्याला वर्गणी काढावी लागते.

हे सगळं जमलं तरी जुलै आहेच. वर्ल्डकप आणि युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, नेमके जून-जुलैत, म्हणजे बेळगावचा पाऊस ऐन भरात असताना. डिशवर येणाऱ्या लहरी जोराच्या पावसात वाटेतच विरतात आणि पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी येते. मग चला परत मोबाईलवर, म्हणजे वीस-चाळीस सेकंद मागं. 2022 चा वर्ल्डकप कतारमुळं नोव्हेंबर-डिसेंबरात आला, ती चैन होती. अंतिम सामना, 18 डिसेंबरची रात्र, साडेआठची वेळ, कोरडी थंडी, स्वेटर आणि कानटोपी. ऐंशीव्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना 2-0 पुढं. मग फ्रान्सच्या एम्बापेनं 97 सेकंदांत दोन गोल घातले. कटिंग आणायला गेलेला माणूस ग्लास घेऊन परत येईतो बरोबरी. समालोचन इंग्रजी, हिंदी, बंगाली, तमिळ आणि मल्याळमध्ये होतं. मराठीत नव्हतं, कन्नडमध्येही नव्हतं. मराठी की कन्नड, हा वाद बेळगावात झाला नाही, असं विरळाच.

बरोबरी सुटली नाही आणि पेनल्टी शूटआउट आलं की उशीर खरा बोचतो. बॉल अकरा मीटरवरनं जाळीत जायला अर्धा सेकंदही लागत नाही, आणि आपल्या पडद्यावर मारणारा अजून बॉल ठेवून मागं सरतोय तोवर मागची गल्ली नाचून मोकळी.

आता यात परदेशाची भर. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्या बघत वाढलेला पोरगा मेकॅनिकलच्या पुढच्या शिक्षणाला जर्मनीत, आणि आईबाप इकडं बेळगावात, अनगोळात. 2024 च्या युरोत 5 जुलैला जर्मनी-स्पेन. तिकडं संध्याकाळचे सहा, इकडं रात्रीचे साडेनऊ. बर्लिनला ब्रांडेनबुर्ग गेटसमोर भर रस्त्यात हजारो माणसं उभ्यानं बघतात. तिथं प्रोजेक्टर नाही, एलईडीच्या भिंती. कारण तिकडं जुलैत रात्री नवाच्या पुढंही उजेड असतो. अशा ठिकाणी काचेची बाटली आत नेता येत नाही, मोठी सॅकही नाही. पेयाच्या ग्लासाला दोन-तीन युरो अनामत; ग्लास परत केला की पैसे परत, म्हणून सामना संपल्यावर रांग तिथंच जास्त. बाथरूमला चाळिसाव्या मिनिटाला जावं, पंचेचाळिसाव्याला गेलेला दुसरा हाफ निम्मा चुकवतो. आणि चुकामूक झाली तर कुठल्या खांबाखाली भेटायचं हे आधी ठरवून ठेवावं, फोनच्या भरवशावर राहू नये. सगळे एकदम व्हिडिओ पाठवत असतात, त्यात कुणाचाच फोन लागत नाही.

एका अर्थी ते बरंच. 'आई, घातला बघ!' हा निरोप त्या गर्दीत अडकून पडतो आणि अनगोळात गोल बघून झाल्यावर पोचतो. भीती गर्दीत न गेलेल्या पोराची. तो खोलीच्या खालच्या दुकानाबाहेर, फुटपाथवर मांडलेल्या टीव्हीपुढं बाकावर असतो आणि त्याचं नेट सुसाट. त्या सामन्यात 89 व्या मिनिटाला जर्मनीच्या व्हिर्ट्झची बरोबरी, 119 व्या मिनिटाला स्पेनच्या मेरिनोचा गोल, स्पेन 2-1. अशा वेळी घरातला फोन पालथा आणि मुका केलेला बरा. बोलणं हाफटाइमला, 'जेवलास काय?' एवढंच.

वर्ल्डकप 2026 चा अंतिम सामना न्यू जर्सीत, 19 जुलैला दुपारी तीनला. आपल्याकडे सोमवार उजाडताना रात्री साडेबारा. घरातले आजोबा मात्र दहालाच आडवे होतात. सामना संपतो तोवर पेपर छापून गाडीत चढलेला असतो. म्हणजे त्यांचा गोल मंगळवारी सकाळी चहाबरोबर व्हायचा, तोही सोमवारभर घरात कुणी तोंड उघडलं नाही तर.