आधी गिअरबॉक्स, मग गाडी

डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झाल्यावर मी पुन्हा स्टिअरिंगवर बसले आणि पहिल्याच दिवशी कळलं, क्लचशी आता माझं जमणार नाही. मोकळ्या रस्त्यावर काही वाटायचं नाही. पण गर्दीत दर दहा-बारा फुटांवर क्लच दाबायचा, अर्धा सोडायचा, पुन्हा दाबायचा, असं पाऊण तास झालं की रात्री गुडघा भरून यायचा. डॉक्टर म्हणाले, "गाडी चालवायला हरकत नाही, फक्त ऑटोमॅटिक घ्या."

मला छोटी गाडी हवी होती, लावायला-वळवायला सोपी. सेकंड हँड, कारण नवी घेण्याइतके पैसे नव्हते. आणि रस्त्यात दगा न देणारी. चार मॉडेलांची नावं कागदावर लिहून मी आमच्या मेकॅनिककडे गेले. जुनी गाडी त्यांनीच नऊ वर्षं सांभाळली होती. त्यांनी यादी वाचली आणि विचारलं, "ताई, हे ठीक आहे. पण यांच्यात गिअरबॉक्स कुठला?"

"ऑटोमॅटिक."

"ते झालं आडनाव. नाव सांगा."

नाव मला माहीत नव्हतं. पुढचे दोन महिने मी तेच शिकत होते, आणि गाडी बघण्याआधी ते शिकले याचं आजही मला समाधान आहे.

ऑटोमॅटिक या एका शब्दाखाली निदान चार वेगळी यंत्रं विकली जातात आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं. सगळ्यांत जुनं आणि रुळलेलं म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. मेकॅनिकनी ते मला दोन पंख्यांवरून समजावलं. दोन पंखे समोरासमोर ठेवा, एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरायला लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल. एक पंखा इंजिन फिरवतं, दुसरा गिअरबॉक्सला जोडलेला. मध्ये घासणारं काही नाही, म्हणून गाडी गर्दीत तासभर रांगली तरी क्लच प्लेट जळत नाही. तेल तापतं, थोडी शक्ती वाया जाते, ॲव्हरेज कमी मिळतं. ही त्याची किंमत.

एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त आपला पाय आणि हात जे करतात ते मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. स्वस्त, दुरुस्तीला सोपं, ॲव्हरेज मॅन्युअलइतकं. मोकळ्या रस्त्यावर जास्त फिरणाऱ्याला मी तेच घ्यायला सांगेन. माझी अडचण आमच्या तळघरातल्या पार्किंगच्या चढाची होती. सकाळी तिथे रांग लागते आणि चढाच्या मध्यावर थांबावं लागतं. मी चालवून पाहिलेली एएमटी ब्रेक सोडल्यावर क्षणभर मागे सरकायची, मग क्लच पकडायचा. चढावर गाडी रेस देऊन धरून ठेवली तर क्लच प्लेट अर्धी टेकलेल्या अवस्थेत घासत राहते आणि हळूहळू जळते. बऱ्याच नव्या गाड्यांत हिल होल्ड, म्हणजे ब्रेक सोडल्यावरही गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, असते; माझ्या आवाक्यातल्या जुन्यांत नव्हती.

सीव्हीटीत गिअरच नसतात. दोन पुल्या आणि त्यांच्यावर शेकडो पातळ तुकड्यांचा पोलादी पट्टा. पुल्या रुंद-अरुंद होतात तसं गुणोत्तर बदलत जातं. चालवायला इतकं मऊ दुसरं काही नाही. जोरात रेस दिली की इंजिन आधी ओरडतं आणि वेग मागून येतो, एवढंच. पण तेलाच्या बाबतीत हा प्रकार फार हळवा. पट्टा आणि पुली यांच्यातली पकड त्या खास तेलावर अवलंबून असते, त्यात साधं एटीएफ, म्हणजे इतर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, घातलं की पट्टा घसरून पुलीवर ओरखडे पडायला लागतात. मी पाहिलेल्या एका सीव्हीटी गाडीच्या सर्व्हिस बिलावर चक्क एटीएफ लिहिलेलं होतं. मेकॅनिकनी बिल परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ही बघायलाही जाऊ नका."

चौथा ड्युअल क्लच. एक क्लच विषम गिअरना, दुसरा समांना, त्यामुळे गिअर पडलेला कळतही नाही. छोट्या गाड्यांत बहुधा कोरडे, म्हणजे तेलात न बुडवलेले, क्लच बसवतात, आणि रांगत्या गर्दीत ते तापतात. फोर्डच्या २०११ ते २०१६ च्या फिएस्टात आणि २०१२ ते २०१६ च्या फोकसमध्ये असाच कोरड्या क्लचचा पॉवरशिफ्ट नावाचा गिअरबॉक्स होता. गाडी थरथरते, धक्के देते, अशा तक्रारींवरून अमेरिकेत मालकांनी सामूहिक दावा केला आणि कंपनीला तडजोड करावी लागली. चालवायला या दोन्ही गाड्या फार चांगल्या म्हणून नावाजलेल्या होत्या. हे वाचल्यावर मी यादीतल्या मॉडेलांच्या नावांवर विसंबणं सोडलं.

नावावर जाऊ नये याचं आणखी एक कारण. होंडाची जाझ घ्या, काही देशांत तिला फिट म्हणतात. एकाच नावाच्या या गाडीत पिढी आणि देश बदलेल तसे सीव्हीटी, टॉर्क कन्व्हर्टर, एएमटी आणि हायब्रिडमध्ये ड्युअल क्लचसुद्धा येऊन गेले. म्हणजे "जाझ ऑटोमॅटिक कशी आहे?" या प्रश्नाला एक उत्तरच नाही. कुठल्या वर्षाची, कुठल्या इंजिनची, हे विचारावं लागतं. टोयोटाच्या हायब्रिडची गोष्ट आणखी वेगळी. तिला सीव्हीटी म्हणतात, पण आत पट्टा नाहीच, प्लॅनेटरी गिअर आणि दोन इलेक्ट्रिक मोटारी आहेत. टिकण्यात तिचा हात धरणारं कमी. मला परवडली असती तर तीच घेतली असती.

शेवटी ठरलं: टॉर्क कन्व्हर्टर, चारच गिअरचा असला तरी चालेल. मग गाड्या बघायला सुरुवात केली.

पहिली दिसायला सगळ्यांत देखणी होती. मालक म्हणाले, सकाळपासून हलवलेली नाही. मी बोलता बोलता बॉनेटवर हात ठेवला तर चांगलंच गरम. मी काही म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला येते, तोवर चालू करू नका, एवढंच सांगितलं. थंड गाडी सुरू केली, ब्रेक दाबून पी (पार्किंग) वरून आर (रिव्हर्स) वर घेतली. काहीच नाही. एक, दोन, जवळजवळ तीन सेकंदांनी आतून ठक्क असा धक्का बसला. डी (पुढे जायचा गिअर) वर टाकल्यावर तसंच. दहा मिनिटांनी गाडी गरम झाली आणि हा प्रकार पूर्ण नाहीसा झाला. आदल्या दिवशी तशीच चालवली असती तर मी ती घेऊन घरी आले असते. म्हणून कुणी विचारलं तर मी हे पहिलं सांगते: गाडी थंड असतानाच बघा, आणि मालकाच्या आधी तुमचा हात बॉनेटवर जाऊ द्या.

दुसऱ्या गाडीत गिअर सेकंदभरात पडत होता. पण साठच्या आसपास हलक्या पायाने एकसारखी चालवली की रस्त्यावर बारीक पट्ट्या असाव्यात तशी थरथर यायची, पाय थोडा जास्त दाबला की जायची. मेकॅनिक शेजारी बसले होते. त्यांच्या मते तो कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचचा, म्हणजे एकसारख्या वेगात ते दोन पंखे एकमेकांना जोडून टाकणाऱ्या क्लचचा, दोष होता. कधी तेल बदलून जातो, कधी जात नाही. त्या "कधी" वर पैसे लावायची माझी तयारी नव्हती.

तिसरी सात वर्षांची, रंग उडालेली, मागच्या बंपरला ओरखडा. मालकिणीने प्रत्येक बिल तारखेप्रमाणे फाइलला लावलेलं होतं आणि त्यात गिअरबॉक्सचं तेल बदलल्याची नोंद होती. हे क्वचितच सापडतं, कारण बऱ्याच ठिकाणी "हे लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं" असंच सांगितलं जातं. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं झाली की तेल बदलायचा सल्ला देते. मेकॅनिकनी डिपस्टिक काढून पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब टेकवला. लालसर, किंचित मळकट, जळका वास नाही. मग आम्ही ती तळघराच्या चढावर नेली. मध्यावर थांबवली, ब्रेक सोडला. गाडी जागेवर राहिली आणि हळूच वर निघाली. चारच गिअर असल्यामुळे मोकळ्या रस्त्यावर इंजिनचा आवाज जरा जास्त येतो, ते मला मान्य होतं.

घेतल्याच्या आठवड्यात तेल पुन्हा बदललं. खालचं पॅन उतरवल्यावर मेकॅनिकनी मला बोलावून आतलं लोहचुंबक दाखवलं. त्यावर काजळासारखा मऊ करडा थर होता. बोटावर घेऊन त्यांनी तो चोळून दाखवला. "ही नेहमीची झीज. यात चमकणारा तुकडा लागला असता तर वाईट."

पहिले काही दिवस डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर पडायचा, म्हणून मी तो मुद्दाम सीटखाली ओढून बसायचे. आता सवय झाली आहे. चढावर लावताना आधी ब्रेक, मग एन (न्यूट्रल), मग हॅन्डब्रेक, ब्रेक सोडून गाडीचं वजन हॅन्डब्रेकवर टेकू द्यायचं, आणि मग ब्रेक दाबून पी. सरळ पी वर टाकली तर सगळं ओझं आतल्या छोट्या खिटीवर येतं आणि सकाळी गिअर काढताना खटकन आवाज होतो. तो आवाज मला ऐकायचा नसतो.

मेकॅनिकनी बॉनेटच्या आत चिकटपट्टीवर मार्करने लिहून ठेवलंय: ८१,४०० ला तेल बदललं.