नखाएवढा चेहरा आणि दहा बाय आठचा बोर्ड

कोल्हापुरात फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर म्हणून बसलं की फुटबॉल रोजचाच असतो. शाहू स्टेडियमवर सीझन सुरू झाला की तालमींचे, म्हणजे इथल्या फुटबॉल क्लबांचे, बोर्ड सुरू, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, संध्याकाळी मॅच जिंकली की रात्रीत बोर्ड लागला पाहिजे म्हणून पोरं मशीनपाशीच उभी असतात. 2022 च्या वर्ल्डकपला मेस्सी आणि नेमारचे चेहरे इतक्या वेळा कापलेत की डोळे मिटून करता येतील. आणि श्रद्धांजलीचे बोर्ड तर बाराही महिने. फोटो येतो, कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरला टेम्प्लेट तयारच असतं, नाव टाकायचं, हार टाकायचा, समई टाकायची, खाली 'शोकाकुल' आणि मंडळाचं नाव, झालं. पण मागच्या सीझनला एक काम आलं त्याला अख्खा दिवस गेला आणि ते मला लिहून ठेवायचंय.

सकाळी दुकान उघडायलाच साठीच्या पुढची चार-पाच माणसं दारात उभी. एकाच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली फोटोफ्रेम, सोबत पस्तिशीतला एक मुलगा, डोळे सुजलेले. आदल्या दिवशी त्याचे वडील गेले होते आणि ही सगळी वडिलांच्या शाळा-कॉलेजच्या टीममधली माणसं. दुसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, त्याच्या आधी चौकात बोर्ड लागायला पाहिजे होता. (नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. पेठेतली पोरं त्यांना मामा म्हणायची, मीही तेच म्हणतो.)

मुलानं मोबाईलमधला फोटो दाखवला, कुणाच्या तरी लग्नातला, कोट घातलेला, नेहमी येतो तसला. मी म्हटलं हा चालेल, क्लिअर आहे. तर त्यातले एक काका, जे त्या टीमचे गोलकीपर होते, ते म्हणाले, "बाळा ह्यो पण घे, पण मोठा ह्यो नको." आणि टॉवेल सोडला.

कॉलेजचा टीम फोटो, ब्लॅक अँड व्हाईट. पुढची ओळ मांडी घालून बसलेली, मधली खुर्च्यांवर, मागची उभी, मध्ये बॉल आणि बॉलवर खडूनं 1983-84. मामा मागच्या ओळीत डावीकडून दुसरे, हाताची घडी, केस विस्कटलेले, मॅच संपवून आल्यासारखे. चेहरा माझ्या करंगळीच्या नखाएवढा. आणि फोटो काचेला चिकटलेला. आमच्याकडं पावसाळ्यात भिंतीला ओल येते, वर्षानुवर्षं तशी टांगून ठेवलेली फ्रेम असली की फोटोचा वरचा थर काचेला धरतो, ओढायला गेलं की चेहरेच निघून येतात. म्हणून स्कॅनरचा नाद सोडला, फ्रेम तशीच दारातल्या उजेडात टेबलावर आडवी ठेवली, वर काळं कापड धरायला दोघांना उभं केलं म्हणजे काचेत आमचीच सावली दिसणार नाही, आणि कॅमेऱ्यानं तुकड्या-तुकड्यात फोटो काढून नंतर जोडले.

हे जोडकाम चालू असताना ती माणसं मागं बाकड्यावर बसून बोलत होती आणि मी पाठमोरा ऐकत होतो.

मामा स्टॉपर, म्हणजे गोलच्या पुढं मधोमध उभा राहणारा डिफेंडर. शाळेपासून स्टॉपर, त्यांना दुसरीकडं कुणी खेळवलंच नाही. उंची फार नाही पण हेड असा की समोरचा फॉरवर्ड उडायच्या आधी बॉल गेलेला असायचा. त्या वेळी बॅकपास, म्हणजे आपल्याच माणसानं पायानं मागं दिलेला बॉल, कीपरनं हातात घेतलेला चालायचा, तो नियम 1992 ला बदलला, त्यामुळे स्टॉपर आणि कीपरचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही. कीपर काका सांगत होते, मामा मागं वळून न बघता पास द्यायचे, चिखल असू दे, समोरचा अंगावर आलेला असू दे, बॉल बरोबर छातीशी यायचा, "मी हात फकस्त मिटायचं काम करायचो." हे सांगताना ते बसल्या जागी दोन्ही हात छातीशी मिटून दाखवत होते, आणि ते त्यांनी एकदा नाही, बऱ्याचदा केलं, कुणी नवीन माणूस दुकानात आला की परत.

शाळेत बूट नव्हते, थोरल्या भावाचे बूट पुढं कापूस कोंबून घालायचे. पावसाळ्यात गांधी मैदानावर तळं साचायचं, तिथंच प्रॅक्टिस. कॉलेजला आल्यावर आंतरमहाविद्यालयीन मॅचेस, तेव्हा गोखले कॉलेज, न्यू कॉलेज असल्या मॅचला पेठाच्या पेठा लोटायच्या, आणि मामा शिवाजी विद्यापीठाच्या टीमपर्यंत गेले. त्या वेळी मुंबईत मिलच्या, कंपन्यांच्या टीम होत्या, खेळावर नोकरी लागायची, कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप ही फुटबॉलची मोठी स्पर्धा व्हायची. मामांनाही एका कंपनीच्या टीमकडून ट्रायलला या म्हणून निरोप आला होता आणि त्याच सीझनला गुडघा गेला. आज लिगामेंट तुटलं तर एमआरआय, दुर्बिणीचं ऑपरेशन, सहा-नऊ महिन्यांनी पोरं परत उतरतात. तेव्हा इथं पट्टी बांधायची, हळद-तुरटीचा लेप लावायचा आणि जरा उतरलं की परत मैदानात, म्हणजे जे उरलंय तेही जायचं. मामांचं तसंच झालं. मला हे ऐकून फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं, कारण शाळा-कॉलेजात जीव तोडून खेळलेली अशी किती पोरं त्या काळात एका गुडघ्यानं थांबली याचा हिशेब कुठंच नाही. अनिकेत जाधव इथूनच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि 2017 ला भारताच्या 17 वर्षांखालच्या टीमकडून वर्ल्डकप खेळला, त्याचे फोटो आमच्याकडं फोल्डरभर आहेत आणि असायलाच पाहिजेत. मामांचा मात्र हा एवढाच.

पुढं शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत लागले, मोल्डिंगला, रिटायर होईपर्यंत तिथंच. 86 च्या वर्ल्डकपला मेक्सिकोच्या मॅचेस आपल्याकडं रात्री साडेअकराला लागायच्या, मामा दुसरी पाळी सुटली की सायकलनं तडक शेजारच्या घरी जिथं टीव्ही होता तिथं, अंगाला फाउंड्रीची काळी रेती तशीच. फायनलला सगळा चौक मॅराडोनाकडं बघत होता आणि हे अर्जेंटिनाचा डिफेन्स कसा उभा राहतोय ते शेजारच्या पोरांना समजावत होते. रविवारी सकाळी पेठेतली लहान पोरं घेऊन मैदानावर, फी नाही काही नाही, खुर्ची टाकून बसायचे आणि ओरडायचे. त्यातली काही पोरं आज सीनियर टीमला खेळतात, त्यातलाच एक दुपारी किट बॅग घेऊन दुकानात आला आणि काही न बोलता बाकड्याच्या टोकाला बसला.

इकडं माझं काम अडलं होतं. नखाएवढा चेहरा चार फुटांचा करायचा म्हणजे नुसते ठिपके. आजकाल सगळे एआयवर टाकतात, मीही टाकला. चेहरा आला झकास, कातडी गुळगुळीत, डोळे चमकदार, ओठ एकदम रेखीव. स्क्रीनवर दाखवला. कुणी काहीच बोललं नाही, मग मुलगाच म्हणाला, "हे बाबा नाहीत." भुवईवर एक खाच होती, लहानपणी हेडला उडताना फुटलेली, ती मशीननं भरून टाकली होती. मी ती फाईल तिथंच डिलीट केली.

मग म्हटलं, चेहरा मोठा करायचाच नाही, अख्खा टीम फोटोच बोर्डभर घेऊ, दाणे दिसतात तर दिसू देत, आणि कोपऱ्यात कोटातला फोटो हार घालून. सगळ्यांना पटलं, पण मालक पुढं आले. ते म्हणाले जित्या माणसांचे फोटो श्रद्धांजलीच्या बोर्डावर घालत नाहीत, उद्या कुणाला काही झालं तर बोल माझ्यावर येईल. त्यांचंही चूक नव्हतं, आमच्या धंद्यात हे पाळतातच, लोक घरातून भांडायला येतात. दुकानात एकदम शांतता. कीपर काका उठले आणि मालकांना म्हणाले, "शेठ, त्यो एकटा कवा खेळलाय व्हय?"

तरी मालकांनी अट घातली की फोटोतल्या प्रत्येकाला किंवा त्याच्या घरच्यांना विचारा. मग बाकड्यावरनं फोन सुरू झाले. एक पुण्यात लेकीकडं, एक इचलकरंजीत, एक बँकेतून रिटायर होऊन गावी शेती करणारा. काही जण आधीच गेलेले, त्यांच्या मुलांना फोन. एका घरातून वहिनी सरळ नाही म्हणाल्या, आमच्या ह्यांचं आत्ताच बायपास झालंय, असलं काही नको. त्यांचा चेहरा ब्लर करू असं ठरत होतं तेवढ्यात त्याच नंबरवरून परत फोन आला, आता स्वतः तेच बोलत होते, स्पीकरवर, "घाला मला. माझ्या शेजारीच उभाय न्हवं त्यो."

मजकुरात मी सवयीनं 'माजी फुटबॉलपटू' टाइप केलं तर कीपर काकांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाले त्याच्या पुढं 'स्टॉपर' लिही. लिहिलं. संध्याकाळी प्रिंट निघाली, आयलेट मारले, किट बॅगवाल्या पोरानं आणि मुलानं मिळून रीपा ठोकल्या आणि टेम्पोत घालून नेला. मालकांनी पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर ते काका येत राहतात. प्रत्येक वेळी एखादी फ्रेम घेऊन, कुणाच्या माळ्यावरची, कुणाच्या देवघरामागची, शाळेची टीम, कॉलेजची टीम, आणि मी दुपारी काम कमी असलं की एकेक साफ करून सेव्ह करतो, फाईलच्या नावात साल आणि उभं असलेल्या ओळीप्रमाणे नावं. 83-84 च्या फोटोतली सगळी नावं मिळाली, मागच्या ओळीत अगदी उजवीकडं उभा असलेला एक सडपातळ पोरगा तेवढा राहिलाय. कीपर काका म्हणतात तो आजऱ्याकडचा असावा, हॉस्टेलला राहायचा, राईट आऊट, म्हणजे उजव्या कडेचा फॉरवर्ड, खेळायचा आणि पळायला लागला की कुणाला सापडायचा नाही. त्यांनी आजऱ्याला ओळखीच्यात दोन-तीन जणांना फोटो पाठवलाय.