गाडी रात्रीत कशी वळते ते सापडलं एकदाचं

मंडळी, सापडलं! गेले अकरा दिवस माझी पाइनवूड डर्बीची गाडी, म्हणजे उताराच्या ट्रॅकवरून स्वतःच्या वजनानं पळणारी शर्यतीची छोटी लाकडी गाडी, संध्याकाळी सरळ आणि सकाळी वाकडी पळत होती, तिचं कारण काल रात्री साडेअकराला सापडलं, मग झोप काय लागेना, म्हणून सकाळी सहालाच लिहायला बसलोय. बाहेर पाऊस धो धो चाललाय आणि ह्या सगळ्यात त्याचाच हात आहे, पण क्रमानं सांगतो.

मागच्या वेळी सांगितलं होतं तसं गाडीसाठी सागवान सोडून पांगाऱ्याच्या हलक्या, मऊ लाकडाकडं वळलो. हिशोब सोपा होता. ७ इंच लांब, पावणेदोन इंच रुंद आणि सव्वा इंच उंच असा न कापलेला सागवानी ठोकळा एकटाच १६० ग्रॅमच्या आसपास जातो, आणि आपली मर्यादा १४१.७५ म्हणजे ५ औंस, तीही चाकं आणि त्यांना आस म्हणून ठोकलेले खिळे धरून. पांगारा त्याच्या निम्म्यापेक्षा हलका. बॉडी हलकी म्हणजे उरलेलं वजन आपल्याला हवं तिथं, मागच्या अॅक्सलच्या इंचभर पुढं, ठासता येतं. हे बरोबरच होतं आणि अजूनही बरोबर आहे.

वजनाची बातमी आधी देतो कारण ती गोड आहे. टंगस्टनच्या गोळ्या ऑनलाइन मागवायच्या तर किंमत बघून पोटात गोळा येतो, आणि शिसं जागा फार खातं. बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडं उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, एका वर्कशॉपवाल्या काकांकडं गेलो, त्यांच्याकडं तुटलेल्या कार्बाइड ड्रिलच्या दांड्या डबा भरून पडलेल्या. कार्बाइड म्हणजे टंगस्टन आणि कार्बनचं संयुग, थोडं कोबाल्ट मिसळलेलं, शिश्यापेक्षा चांगलंच जड. हॅक्सॉ त्याला लागत नाही, काकांनी डायमंड व्हीलवर कापून दिलं. ८ मिमी जाडीचा ४० मिमी लांब तुकडा जवळजवळ २९ ग्रॅम भरला! असे तीन बसवले. पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला आणि म्हणाले, "शर्यतीला मला बोलव की गा." उद्यमबाग जवळ असताना कुणी बाहेरून वजनं मागवू नका, माझं स्पष्ट मत आहे.

आता मूळ दुखणं. सेटिंग आपलं नेहमीचंच, मागची दोन्ही चाकं ३ अंश कलती, पुढचं उजवं चाक दीड मिमी वर, पुढचं डावं वाकवलेल्या खिळ्यावर, आणि तपासायला चार फुटांच्या फळीवर सोडली की गाडीनं इंचभर उजवीकडं सरकायचं, म्हणजे ट्रॅकवर डावं चाक गाडीखालच्या मधल्या उंच पट्टीला चिकटून शांत पळतं. पहिल्या संध्याकाळी खिळा प्लायरनं इकडं तिकडं फिरवत तासाभरात बरोब्बर इंचावर आणली. सकाळी सहज एकदा सोडून बघितली तर तीन इंच डावीकडं! मला वाटलं रात्री कुणाचा तरी धक्का लागला, परत जुळवली. दुसऱ्या सकाळी परत तेच. तिसऱ्या सकाळीही तेच.

मग एकेक संशयित धरायला सुरुवात केली. आधी फरशी, कारण आमच्या घरात फरशीचा उतार मोरीकडं आहे. फळीखाली कार्डबोर्डचे तुकडे घालून स्पिरिट लेव्हलनं जुळवली, फळी उलटी फिरवून दोन्ही दिशांनी सोडून बघितलं, फळी निर्दोष. मग चाकं. हबमध्ये खेळ जास्त आहे का म्हणून चाकांची अदलाबदल केली, फरक शून्य. मग खिळे. चारही खिळे काढून परत ४०० पासून २००० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत पाण्यावर घासले, ब्रासो मारला, आरशागत चमकायला लागले, पण गाडी सकाळी डावीकडंच. चाकांना वंगण म्हणून घालायच्या ग्रॅफाइटवरही संशय घेतला, कारण ह्या वेळी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलेली पावडर बोटांना खरखरीत लागते. ती फेकून द्यायच्या लायकीची आहे हे खरं, तरी पण तिचा ह्यात दोष नव्हता.

पाचव्या-सहाव्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "भावजी, गाडी झोपवताना कूस बदलून ठेवा बघू." मी खरंच रोजच्यापेक्षा उलटी, म्हणजे पोट खाली करून ठेवली. आणि त्या सकाळी ती तीनच्या ऐवजी दोन इंचच डावीकडं गेली. तेव्हा मला त्यात काही कळलं नाही, वहीत नुसतं लिहून ठेवलं. सगळं वहीत लिहीत जावा मंडळी, तारीख-वेळेसकट, कारण पुढं त्याच ओळीनं वाट दाखवली.

काल रात्री वजन शेवटचं टेकवायचं म्हणून सोनारकामाचा छोटा काटा काढला. आठवड्यापूर्वी संध्याकाळी गाडी १४१.६ होती. काल १४२.४! मी काहीच लावलेलं नाही, उलट घासून थोडं कमीच केलेलं. काटा चुकतोय म्हणून शंभराचं वजन ठेवलं, काटा बरोबर. म्हणजे ०.८ ग्रॅम आलं कुठून? हवेतून. गाडीनं पाणी प्यायलंय मर्दानु!

मग वही उघडली आणि सगळं जुळत गेलं. मी लॅकर फक्त वरून मारलं होतं, दोन कोट, छान गुळगुळीत. पोट तसंच कोरं, कारण म्हटलं तिथं वजनाची भोकं अजून बुजवायची आहेत. संध्याकाळी काम करताना गाडी टेबललॅम्पच्या उजेडाखाली तास-दोन तास गरम होऊन सुकते, रात्री खिडकीजवळ पोट उघडं ठेवून झोपते, जुलैची ओली हवा कोऱ्या बाजूनं शिरते, ती बाजू आडवी फुगते आणि लॅकरवाली फुगत नाही. लाकूड लांबीत हलतच नाही म्हटलं तरी चालेल, पण रेषांच्या आडवं चांगलंच हलतं. माझ्या ठोकळ्यात झाडाच्या वाढीच्या वर्तुळांच्या रेषा तिरप्या, त्यामुळं तो सरळ न फुगता पीळ घेतो, आणि पुढच्या खिळ्याचं भोक केसभर फिरलं तरी चार फुटांवर त्याचे इंच होतात. उलटी ठेवली त्या रात्री पोट टेबलाकडं होतं, हवा कमी लागली, म्हणून दोनच इंच!

हा खेळ डॉन मर्फी नावाच्या माणसानं १९५३ साली सोपबॉक्स डर्बीला, म्हणजे पोरं स्वतः बसून उतारावरून पळवतात त्या बिनइंजिनाच्या गाड्यांच्या शर्यतीला, वय कमी पडणाऱ्या आपल्या पोरासाठी काढला, कॅलिफोर्नियात. तिकडचं मी जे काही वाचलं त्यात ओलाव्याचं नाव नाही. आपल्याकडं मात्र हेच पहिलं बघायला पाहिजे, खानापूर-जांबोटीकडच्या मंडळींनी तर आमच्या दुप्पट.

दुसरी गोष्टही लागलीच कळली. प्लायरनं खिळा रोज फिरवून फिरवून पांगाऱ्याचं भोक ढिलं झालंय, मऊ तंतू चेपलेत. त्यात पातळ फेविक्विक एक-एक थेंब सोडून वाळल्यावर हातानंच ड्रिल फिरवून परत साफ करणार. मशीन लावायचं नाही, भोक तिरकं जातं.

तर आजचा बेत असा की गाडी दोन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर स्टीलच्या डब्यात बंद, वजन स्थिर झालं की पोट, भोकं, सगळीकडून सँडिंग सीलर, आणि त्यानंतरच सेटिंगला हात... थांबा. लिहिता लिहिताच डोक्यात आलं. शिवण! आपल्याकडं शिवणीचं लाकूड पीळ घेत नाही म्हणून तर वाद्यांना आणि कोरीव कामाला वापरतात. पांगाऱ्यापेक्षा जड, पण सागवानापेक्षा बरंच हलकं. कार्बाइड आता फुकट आहे, म्हणजे बॉडीत पंधरा-वीस ग्रॅम जास्त गेले तरी मागचं वजन मला परवडतं. आणि ठोकळा असा कापून घ्यायचा की टोकाकडून बघताना रेषा उभ्या दिसल्या पाहिजेत, मग फुगला तरी दोन्ही बाजू सारख्या फुगतील.

मधेच उठून खानापूरच्या सुतारमामांना फोन लावला. शिवण आहे का विचारलं तर म्हणाले, "स्वल्प तडीरी," म्हणजे कानडीत जरा थांबा, आणि आत जाऊन बघून आले. जुन्या चौकटीचा तुकडा आहे म्हणे, वीस-पंचवीस वर्षं सुकलेला! दुपारच्या पॅसेंजरनं जाऊन आणतोच.

म्हणजे पांगाऱ्याची डब्यात जाईल ती राखीव, आणि शर्यतीची शिवणीची. रंग ह्या वेळी रद्द, सीलर आणि वर शेलॅकचे पातळ हात, शिवणीचा पिवळसर रंग तसाच दिसू दे. उरले एकोणीस दिवस. कुणाकडं बारीक, खरखर न लागणारं ग्रॅफाइट असेल तर सांगा, चमचाभर पुरे, टिळकवाडीत असाल तर मी येऊन घेऊन जातो.