हवामानबदलावर लोकांचं मत विचारायचं कसं?

'इतके टक्के लोकांना हवामानबदलाची चिंता वाटते' असा आकडा दिसला की आधी मूळ प्रश्न शोधावा. तो कुठेच दिलेला नसेल, तर त्या आकड्यावर विसंबू नये.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबल्यामुळे. 'हवामान बदलतंय आणि त्याला माणूस जबाबदार आहे, हे पटतं का?' यावर 'नाही' म्हणणाऱ्याला नेमकं काय पटलेलं नाही? बदल की कारण? हे वेगवेगळंच विचारायला हवं. उपायासाठी जादा कर भरायची तयारी आहे का, हा तर तिसराच प्रश्न. चिंता वाटणारा प्रत्येक जण त्याला 'हो' म्हणेलच असं नाही.

दुसरी अडचण म्हणजे विधान समोर आलं की बरेच जण फार विचार न करता 'सहमत'वर खूण करतात. म्हणून समाजशास्त्रज्ञ रायली डनलॅप आणि सहकाऱ्यांनी २००० साली सुधारलेल्या, निसर्गाबद्दलचा दृष्टिकोन मोजणाऱ्या 'न्यू इकॉलॉजिकल पॅराडाइम' या मापनश्रेणीत १५ विधानं आहेत: ८ निसर्गाच्या बाजूची, ७ उलट्या बाजूची. उत्तर १ (अजिबात असहमत) ते ५ (पूर्ण सहमत) असं धरलं, तर उलट्या विधानांचे गुण फिरवून घ्यावे लागतात, म्हणजे ६ वजा उत्तर: ५ चा १, ४ चा २. हे राहिलं तर दोन्ही बाजू एकमेकींना खोडतात, बेरीज मधोमध येते आणि ठाम मतं असलेली माणसंही तळ्यात-मळ्यात दिसतात.

लोकांच्या मताची तज्ज्ञांच्या मताशी तुलना करताना खरा प्रश्न तज्ज्ञ म्हणायचं कोणाला, हा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या डोरान आणि झिमरमन यांच्या सर्वेक्षणात ३,१४६ पृथ्वीवैज्ञानिकांनी उत्तरं दिली. तापमानवाढीत माणसाचा मोठा वाटा आहे, असं त्यांपैकी ८२ टक्के म्हणाले. पण ज्यांनी हवामानशास्त्र हेच आपलं क्षेत्र सांगितलं आणि ज्यांचे निम्म्याहून अधिक अलीकडचे शोधनिबंध हवामानबदलावरच होते, त्यांच्यात ७७ पैकी ७५. सर्वेक्षण तेच, पण कोणता आकडा उचलला यावर जनता आणि तज्ज्ञ यांच्यातली दरी कमी-जास्त होते.

एक प्रश्न मात्र हमखास राहून जातो, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो: 'हवामानबदल रोखायला पैसे द्यायची तुमच्या देशातल्या इतर किती जणांची तयारी असेल?' १२५ देशांतल्या सुमारे १,३०,००० लोकांच्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्पन्नाचा १ टक्का द्यायला ६९ टक्के तयार होते. इतर किती जण तयार असतील, याचा सगळ्यांचा मिळून अंदाज मात्र सरासरी ४३ टक्के. हा प्रश्न स्वतःच्या तयारीच्या प्रश्नानंतरच ठेवावा, नाहीतर इतरांबद्दलचा अंदाज स्वतःच्या उत्तरालाही ओढत नेतो.